प्रधानकाकांचा ट्रक आणि त्याची उजवी बाजू

आमच्या घराला दोन गाड्यांचं गॅरेज आहे आणि आम्ही राहायला आल्यापासून त्यात आमची स्वतःची एकही गाडी राहिलेली नाही. सतीश, म्हणजे माझा नवरा, हिवाळ्यात ऑफिसला निघण्याआधी बाहेर उभ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत असतो, आणि आत हीटरच्या उबेला कुणातरी परक्याचा चिखलाने माखलेला ट्रक निवांत उभा असतो. "माझ्यापेक्षा तुझ्या ट्रकांची बडदास्त जास्त," असं तो दरवर्षी पहिल्या थंडीला म्हणतो. मी ऐकून घेते, कारण त्यात खोटं काही नाही.

इथे ट्रक म्हणजे आपल्याकडचा मालट्रक नव्हे. पुढे माणसं बसतात आणि मागे उघडा हौदा असतो, ती गाडी. सरे शहराच्या पूर्वेला जिथे घरं संपून ब्लूबेरीची शेतं लागतात, तिथे आम्ही राहतो, आणि आमच्या भागात कारपेक्षा ट्रकच जास्त. त्यातले निम्मे कधी डांबर सोडत नाहीत. उरलेले मात्र लाकूडतोडीसाठी जंगलात काढलेल्या कच्च्या रस्त्यांवर जातात, शिकारीला, मासेमारीला, किंवा नुसतेच चिखलात लोळायला. असे ट्रक दुरुस्त करणं आणि त्यांची ताकद वाढवणं, हे माझं काम. आधी एका मोठ्या दुकानात नोकरी करत होते, पुढे कंबर कुरकुरायला लागली तेव्हा ती सोडली आणि ओळखीच्या लोकांची कामं घरच्या गॅरेजमध्ये सुरू केली. ही गोष्ट दोन हजार साल उलटल्यानंतरच्या त्या दहा-बारा वर्षांतली. आता हात थकलेत, पण नट किती आवळला गेलाय हे ते अजून न बघता सांगतात.

नवीन गिऱ्हाईक आलं की ठरलेला संवाद व्हायचा. आमच्याकडे पंजाबी मंडळी पुष्कळ.

"भाभीजी, भाईसाहब घर पे हैं?"

"हैं. ऊपर खाना बना रहे हैं. ट्रक का काम मैं करती हूँ."

मग तो माणूस एकदा माझ्याकडे बघायचा, एकदा भिंतीवर ओळीने टांगलेल्या पान्यांकडे, आणि बहुधा पान्यांवर विश्वास ठेवून किल्ली माझ्या हातात द्यायचा.

कोल्हापूरला माझ्या बाबांचं जीपचं गॅरेज होतं. साखर कारखान्याच्या जीपा, तालुक्याच्या पुढाऱ्यांच्या जीपा, सगळं तिथे यायचं. बाबांचा हात सोन्याचा होता, जीभ मात्र सोनाराची. 'सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' असं म्हणतात, त्यात गॅरेजवाल्याचं नाव कसं राहून गेलं कोण जाणे. गिऱ्हाईक दारात दिसलं की बाबा काम काय आहे हे न ऐकताच "उद्या या" म्हणायचे. उद्या आलं की परत उद्या. एका नवरदेवाची जीप त्यांनी अशीच 'उद्या'वर ठेवली आणि वरात सायकलरिक्षातून निघाली. त्या दिवशी आईने बाबांशी अबोला धरला होता. मी तेव्हाच ठरवलं होतं की आपण हे काम केलं तर दिलेला वार पाळायचा. आणि पाळला. गुरुवार म्हटलं की गुरुवार. मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

आता थोडं कामाविषयी. कारखान्यातून ट्रक निघतो तो सगळ्यांसाठी बनवलेला असतो, म्हणजे नक्की कुणासाठीच नाही. दगडधोंड्यांतून जायचं तर तो उंच हवा, म्हणून स्प्रिंगा बदलायच्या. उंच केला की मोठे टायर बसतात. मोठे टायर बसवले की ब्रेकना ते थांबवताना धाप लागते, स्टिअरिंगचे सांधे झिजतात, इंजिनाला चढ जड जातो. म्हणजे सुनेसाठी एक खोली वाढवायला घ्यावी आणि अख्खं घरच उकरून निघावं, तसला प्रकार. लोकांना वाटतं ट्रक उंच करणं म्हणजे काम. खरं काम उंच केल्यानंतर जे जे रुसतं त्याची समजूत काढण्याचं.

जसप्रीत नावाच्या मुलाने हट्टाने ट्रक इतका उंच करून घेतला की शेजारच्या बायका मान वर करून बघायच्या. मी सांगून पाहिलं, पण पंचविशीत कोण ऐकतं. रविवारी तो आईला गुरुद्वारात न्यायला निघाला. माउलीने दार उघडलं, सीट आपल्या कपाळाच्या वर आहे हे पाहिलं आणि शांतपणे दार लावलं.

"मैं इस पे नहीं चढ़ूँगी," ती म्हणाली. "पहले इतना ऊँचा गुरुद्वारा बनवा, फिर ले जाना."

सोमवारी तो माझ्या दारात उभा. मी दोन्ही बाजूंना लोखंडी नळ्यांच्या पायऱ्या वेल्ड करून दिल्या आणि आतून धरायला एक दांडा. पुढच्या रविवारी माउली स्वतः पराठे घेऊन आली, पायरीवरून उतरून दाखवलं, आणि मला म्हणाली, आता जरा याच्या लग्नाचं पण बघ. ते काही माझ्याच्याने झालं नाही.

दुसरा किस्सा आमच्याच लोकांचा. मराठी मंडळाची पिकनिक नदीकाठी होती. पुण्याचा केतन, सॉफ्टवेअरवाला, नुकताच ट्रक घेतलेला, सगळ्यांना दाखवायला म्हणून काठावरच्या ओल्या गाळात घुसला आणि पोटापर्यंत रुतला. माझ्या धंद्यातला एक नियम आहे. अवघड जागेतून गाडी काढताना एकच माणूस समोर उभा राहतो, हाताने खुणा करतो, आणि चालवणारा फक्त त्याच्याकडे बघतो. बाकीच्यांनी तोंड मिटायचं. पण आपल्या माणसांना गल्लीतून गाडी मागे घेणाऱ्याला मदत करण्याची जन्मजात हौस. केतनभोवती मंडळाची अख्खी कार्यकारिणी जमली. अध्यक्ष म्हणतायत "येऊ दे, येऊ दे," सेक्रेटरी म्हणतायत "डावीकडे मार," एक जण दोन्ही हात वर करून "बास, बास" करतोय, आणि केतन बिचारा सगळ्यांचं ऐकतोय. प्रत्येक सूचनेला ट्रक आणखी थोडा खाली.

तेवढ्यात मागून एक जुना हिरवा पिकअप आला. आतून एक उंच, सडपातळ म्हातारे गृहस्थ उतरले. त्यांनी कोणालाही काही विचारलं नाही. रुंद पट्टा काढला, केतनच्या ट्रकच्या हुकात अडकवला, स्वतःच्या गाडीत जाऊन बसले आणि इतक्या हळू, इतक्या सावकाश पुढे गेले की पट्टा ताणला कधी आणि ट्रक निघाला कधी ते आम्हाला कळलंही नाही. चाक एकदासुद्धा जागच्या जागी गरगरलं नाही. मी आयुष्यभर गाड्या चालवणारे पाहिलेत, पण पायाचा असा अंदाज क्वचित. ते डॉक्टर प्रधान. मी जाऊन ओळख करून घेतली, त्यांच्या ट्रकखाली वाकून पाहिलं, आणि म्हटलं, "काका, पुढच्या सांध्यांना ग्रीस नाही."

"तू बघशील?" ते म्हणाले.

तिथून आमचा स्नेह सुरू झाला.

प्रधानकाका ठाण्याचे. साठ-सत्तरच्या दशकात जी डॉक्टर मंडळी इथे आली त्यांतले. बाकीचे टोरांटोकडे गेले, हे मात्र उत्तरेला एका लाकूडतोड्यांच्या गावात जाऊन बसले, कारण तिथे दुसरा डॉक्टर नव्हता आणि नदीला मासे होते. हिरवा ट्रक तिथलाच. निवृत्त होऊन ते मुलीजवळ म्हणून सरेला आले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी अंजू, इथेच जन्मलेली, फार्मासिस्ट, मराठी समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. काकांचा एकच छंद राहिला होता. मेरिट गावाच्या वरच्या डोंगरात एक छोटं तळं आहे, तिथे एकट्याने जायचं, ट्राउट मासा धरायचा, तिथेच तव्यावर तळायचा, रात्री ट्रकमध्येच झोपायचं. हळद आणि तिखटाची डबी कायम ग्लोव्ह-बॉक्समध्ये. त्या ट्रकमध्ये बसलं की डिझेल आणि हळदीचा मिळून एक वास यायचा.

त्यांच्या ट्रकवर मी बरीच वर्षं काम केलं. मागच्या स्प्रिंगा जाड केल्या, पुढे विंच बसवला, म्हणजे ट्रक अडकला तर झाडाला दोर बांधून स्वतःच स्वतःला ओढून काढायचं यंत्र. काम चालू असताना ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे आणि मी खालून काही बोलले की वरून उत्तर द्यायचे. त्यांना प्रत्येक भाग कशाला असतो हे कळून घ्यायचं असायचं. "म्हणजे हा गुडघा," ते म्हणायचे. "आणि ही कूर्चा." मी म्हणायचे, काका, याला आमच्याकडे बुश म्हणतात. मला ते फार आवडायचे. बाबा गेले तेव्हा मी जाऊ शकले नव्हते, त्यामुळे असेल.

मग खुणा दिसायला लागल्या.

जंगलातल्या रस्त्यावर जाणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या अंगावर फांद्यांचे बारीक ओरखडे असतात. त्याचं कोणी मनावर घेत नाही, उलट मिरवतात. पण ते दोन्ही बाजूंना असतात, कारण झाडं दोन्ही बाजूंना असतात. काकांच्या ट्रकची डावी बाजू अशीच होती. उजवीकडे मात्र पुढच्या बंपरचा कोपरा आत वळला होता. पुढच्या खेपेला उजव्या पुढच्या टायरची बगल दगडाने कापली गेली होती. त्यानंतर उजव्या दाराखालची पट्टी चेपली. इथे चालवणारा डावीकडे बसतो, त्यामुळे उजव्या कडेचा अंदाज नवशिक्याला येत नाही, ते समजण्यासारखं आहे. पण हा माणूस नवशिका नव्हता. गाळातून पट्ट्याला हिसका न देता ट्रक काढणारा माणूस होता.

"रस्ता अरुंद होत चाललाय," काका म्हणाले. "झाडं तोडतात म्हणतात आणि झाडं जवळ येतायत."

मी हसले. टायर बदलला.

त्या वर्षी काकांनी मोठं काम सांगितलं. त्यांना मागच्या ॲक्सलमध्ये लॉकर हवा होता. साध्या गाडीचं एक चाक चिखलात गेलं की सगळी ताकद त्याच चाकाकडे जाते, ते गरगर फिरतं आणि कोरड्यावरचं चाक नुसतं उभं राहतं. लॉकर लावला की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात, एक घसरलं तरी दुसरं ओढतं. "एकटा जातो ना," काका म्हणाले. "आता कोणावर अवलंबून राहायला नको." मी गुरुवार दिला. लॉकर सीमेपलीकडून मागवावा लागायचा. ब्लेन या पलीकडच्या गावात पार्सलच्या दुकानात यायचा आणि आपण बॉर्डर ओलांडून घेऊन यायचा, सगळेच तसं करायचे.

ट्रक माझ्याकडे सोडून काका गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अंजू आली. तिने गॅरेजचं दार अर्धं खाली ओढलं, जणू काका रस्त्यावरून बघतायत.

"शैलामावशी, आय नीड अ फेवर. प्लीज डोन्ट फिक्स इट."

"म्हणजे?"

"जस्ट कीप इट. टेल हिम द पार्ट इज स्टक ॲट द बॉर्डर. तुमचं ऐकतो तो." ती खुर्चीत बसली, काकांच्याच. "गेल्या महिन्यात आमच्या ड्राइव्हवेमध्ये त्याने माझं रीसायकलिंगचं बिन उडवलं. आणि त्याला कळलंच नाही. ही डिडन्ट इव्हन स्टॉप. मी विचारलं तर म्हणतो, वारा असेल."

"डोळे तपासले का?"

"ही इज द डॉक्टर, मावशी. ही चेक्स हिमसेल्फ."

ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती ट्रककडे बघत होती. "मी लहान असताना या ट्रकमध्ये मागे बसून मला नेहमी उलटी व्हायची," ती म्हणाली. "आय हेट धिस ट्रक. पण हा नसला तर तो काय करेल तेही मला माहीत नाही."

मी तिला हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? आपल्या लोकांत वडीलधाऱ्याला नाही म्हणता येत नाही आणि खरंही सांगता येत नाही. मधे एकच जागा उरते, ती म्हणजे 'उद्या'. ती जागा बाबांना चांगली ठाऊक होती, आता मलाही सापडली.

लॉकर त्याच आठवड्यात आला. मी तो बाकावर ठेवला आणि गुरुवारी काकांना म्हटलं, बॉर्डरवर अडकलाय. पुढच्या गुरुवारी म्हटलं, चुकीचा पाठवला, बदलून मागवलाय. काका दर गुरुवारी बसने यायचे, डोनटचा डबा घेऊन, खुर्चीत बसायचे, दुसऱ्या कुणाच्या ट्रकवर काम करताना मला बघायचे आणि जायचे. सतीश वरून चहा आणून द्यायचा आणि माझ्याकडे बघायचा. एकदा फक्त भांडी घासताना म्हणाला, "सासरेबुवांची आठवण येते हल्ली." मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी काका खुर्चीत बसलेच नाहीत. सरळ बाकापाशी गेले.

"शैला, या खोक्यावर माझं नाव आहे."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"अंजू येऊन गेली ना तुझ्याकडे?"

"हो."

"तिने सांगितलं म्हणून तू थांबलीस, की तुलाही काही वाटतं?" आवाज चढलेला नव्हता. बहुतेक पेशंटशी ते असेच बोलत असणार. "हे बघ. त्या गावात मी मोठमोठ्या धटिंगणांना सांगितलंय, बाबा रे, आजपासून गाडी बंद. काही रडले. एकाने खुर्ची फेकली माझ्या अंगावर. पण मी कुणाला पुढच्या आठवड्यात या असं सांगितलं नाही. तू मला तेवढा तरी मान दे."

मला आतून लाज वाटली आणि त्याच वेळी सुटल्यासारखंही झालं. मी म्हटलं, "काका, या इकडे."

मी त्यांना ट्रकच्या डाव्या बाजूला नेलं आणि हात फिरवायला सांगितला. बारीक ओरखडे, सगळीकडे सारखे. मग उजवीकडे नेलं. बंपरचा कोपरा. दाराखालची पट्टी. मागच्या चाकावरची चेप, जी नवीन होती. मी काही समजावलं नाही. ते स्वतः हात लावत पुढे गेले, कोपऱ्यापासून मागच्या दिव्यापर्यंत, आणि परत आले.

"डावीकडे चेप एकही नाही," ते म्हणाले.

"नाही काका. ट्रकला काही झालेलं नाही. उजवीकडचं तुम्हाला दिसत नाही."

ते ट्रकपासून दोन पावलं मागे सरले. मग म्हणाले, "समोर उभी राहा. इतकी जवळ नको. हात दोन्हीकडे पसर. मी तुझ्या नाकाकडे बघतो. बोटं हलव आणि हात हळूहळू आत आण. दिसलं की सांगतो."

तेलकट हात पसरून मी गॅरेजच्या मधोमध उभी राहिले. त्यांच्या डाव्या अंगाचा हात मी हलवला न हलवला तोच ते म्हणाले, "दिसलं." मग उजव्या अंगाचा. मी बोटं हलवत हात आत आणत गेले. खांद्यापर्यंत आला. ते माझ्या नाकाकडे बघत उभे. हात कानापाशी आला, गालापाशी आला. मला वाटलं ते मुद्दाम बोलत नाहीत. बोट माझ्या नाकाला लागायला आलं तेव्हा ते म्हणाले, "हं. आता."

"परत करू का?"

"नको. एकदा पुरे." त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, घाण नसताना. "डोळ्यांचं नाही हे. डोक्यातलं आहे. छोटासा स्ट्रोक येऊन गेला असणार, कळलंही नसेल. अर्धं जग पुसलं जातं आणि माणसाला वाटतं आपल्याला सगळं दिसतंय. मी शिकवायचो हे नर्सेसना."

मला वाटलं आता ते खुर्चीत बसतील. ते बसले नाहीत. ते ट्रककडे वळले.

"शैला, ही सगळी झाडंच आहेत ना?"

मला आधी कळलं नाही.

"नीट बघ. तुला कळतं कशाने काय होतं ते. झाडं, दगड, जे असेल ते. माणूस नाही ना कुठे? सायकलवाला, कुणाचं मूल?"

मी तारेचा दिवा ओढून घेतला आणि जमिनीवर बसले. असं काम मी आधी कधी केलं नव्हतं. एकेक खूण जवळून पाहिली, नखाने खरवडली, अंगठ्याने पुसली. बंपरच्या कोपऱ्यात सालीचे तंतू अडकले होते. "झाड." दाराखालच्या पट्टीवर दगडाची पांढरी खरड होती. "दगड." मागच्या चेपेत पिवळा रंग होता, पार्किंगमधल्या खांबाचा. "खांब, काका. ग्रोसरीच्या दुकानापुढचा असणार." ते प्रत्येक वेळी मान हलवत होते. दिव्याची तार मी पुढे सरकवत होते.

शेवटी उजवा आरसा राहिला. त्याचा दांडा मागे वळला होता आणि प्लास्टिकचं कवच चिरलं होतं. साल नव्हती. रंग नव्हता. खरडही नव्हती. काहीतरी जड पण मऊ लागून गेल्यासारखी चीर. मी उभी राहिले तर आरसा बरोबर माझ्या खांद्याशी आला. काकांनी ते पाहिलं.

"हे काय?"

फांदी म्हणणं सोपं होतं. ओल्या, पानांनी भरलेल्या फांदीने असं होऊ शकतं. हरणाने होऊ शकतं. मी फांदी म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं, आणि त्यांना तेच ऐकायचं होतं.

"माहीत नाही, काका," मी म्हटलं. "फांदी असू शकते. पण मला माहीत नाही."

"मलाही नाही," ते म्हणाले.

त्यांनी अंजूला फोन लावला आणि न्यायला ये म्हणून सांगितलं. ती येईपर्यंत आम्ही दोघं दारात उभे होतो. पाऊस पडत होता. सतीशने आणलेला चहा त्यांनी सगळा प्यायला.

पुढच्या दिवसांत मी लॉकर बसवला. कुणी सांगितलं नव्हतं, पण काम घेतलेलं होतं आणि अर्धा उघडलेला ॲक्सल मला बघवत नव्हता. ब्रेक पाहिले, सांध्यांना ग्रीस दिलं, आरसा बदलला. गुरुवारी काका आले, या वेळी अंजूबरोबर. स्कॅनमध्ये ते म्हणाले तेच निघालं होतं. त्यांनी टॉर्च मागून घेतला, वाकून ॲक्सल पाहिला आणि अंजूला म्हणाले, "इकडे बघ. हे काय करतं ते तुला माहीत पाहिजे. शैला, सांग तिला."

"मला का?" अंजू म्हणाली.

"कारण तू चालवणार आहेस."

"बाबा, इट्स अ स्टिक. आय कान्ट ड्राइव्ह स्टिक."

"शिकशील. चार मासे धरले की तुझ्या उलट्यांचं पण बरं होईल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खांदे उडवले. मग ती चढून डावीकडे बसली आणि सीट पुढे ओढायची कडी शोधायला लागली. मी तिला क्लच आणि हाताने बदलायच्या गिअरबद्दल सांगणार होते, पण काकांनी माझ्या दंडाला हात लावून मला मागे घेतलं.

"मेरिटच्या पोलिसांना फोन केला होता मी," ते हळू आवाजात म्हणाले. "त्या रस्त्यावर कोणी जखमी सापडलं होतं का, कुणाला गाडी लागून गेली होती का, विचारलं. ट्रकचा नंबर दिला, माझं नाव दिलं. मागचं सगळं बघून सांगतो म्हणाले. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली."

"मग?"

"कोणी नाही."

"बरं झालं, काका."

"बरं झालंच," ते म्हणाले. "पण फोन येईपर्यंत मला माहीत नव्हतं, शैला. दिवसभर खिडकीत बसून होतो आणि मला माहीत नव्हतं की मी कुणाला मारलंय की नाही."

ते ट्रकला वळसा घालून पलीकडे गेले, दार उघडून आत बसले, आणि अंजूने इंजिन सुरू केल्यावर म्हणाले, "उजवीकडून कोणी येतंय का ते मला विचारू नकोस. तू बघ."